भजनाच्या बैठकीपुढची जोडी

बुलढाणा जिल्ह्यात घरी रेकॉर्डिंग करायला घेणारा माणूस बहुधा एकट्याचं गाणं धरायला निघालेला नसतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार घ्या किंवा घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद घ्या, गावातलं गाणं म्हणजे एकत्र बसलेली मंडळी. एक जण चाल सांगतो, बाकीचे ती उचलतात, पखवाज किंवा ढोलक ठेका धरतो, पेटी सुराला आधार देते आणि टाळ या सगळ्यांच्या वर वाजत राहतात. गुरुदेव सेवा मंडळाची बैठक असली तर खंजिरी असतेच. तुकडोजी महाराजांनी ती हातात घेतली आणि विदर्भातल्या गावोगावच्या भजनाचा नादच बदलला. असं गाणं घरातल्या बैठकीच्या खोलीत धरायचं तर माईक कोणते घ्यावेत, हा प्रश्न या कामात सतत समोर येतो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा दोन नावं आधीच काढून ठेवलेली असतात: स्वस्तातली एक जोडी आणि तिच्या तिप्पट-चौपट किमतीची दुसरी. माझं मत पक्कं आहे. आपल्या भजनाला एकाच मॉडेलचे, लहान पडद्याचे दोन कंडेन्सर माईक लागतात. ते स्वस्तातले चालतात. आणि महाग जोडीसाठी बाजूला काढलेल्या पैशातला मोठा भाग खोलीवर, स्टँडवर आणि माणसं नीट बसवण्यावर खर्च केला तर रेकॉर्डिंग जास्त चांगलं होतं. याच्या विरोधात बोलण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही खरंही आहे, म्हणून हे सविस्तर मांडतो.

आधी कंडेन्सरच का. गावातल्या साऊंडवाल्याकडे असतात ते डायनॅमिक माईक. त्यात पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलून वीज तयार करतं. रचना दणकट, धूळ, धक्के, मंडपातली ओढाताण सगळं सोसणारी. सप्ताहाच्या मंडपात कीर्तनकारासमोर तोच माईक योग्य, यात वाद नाही. पण त्या वेटोळ्याचं वजन पडद्याला वाहून न्यावं लागतं, त्यामुळे टाळाचा पहिला टणत्कार त्यात बोथट होतो, आणि गाणारा हातभर लांब गेला की आवाज हरवतो. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा एका स्थिर चकतीसमोर ताणलेला असतो. पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युतभार धरण्याची क्षमता बदलते. तोच बदल पुढे आवाज म्हणून जातो. पडद्यावर वेगळं वजन नाही, म्हणून तो झटकन हलतो आणि लांबचंही ऐकतो. हे तत्त्व अमेरिकेत एडवर्ड वेंटे यांनी १९१६ साली माईकमध्ये उतरवलं, पण असे माईक पुढे कित्येक वर्षं महागच राहिले, कारण पडद्याला बाहेरून विद्युतभार पुरवणारी यंत्रणा लागायची. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी कायमचा भार धरून ठेवणाऱ्या पातळ फिल्मचा, म्हणजे इलेक्ट्रेटचा, माईक तयार केला. आज सामान्य माणसाला कंडेन्सर जोडी परवडते ती मुख्यतः त्या शोधामुळे आणि नंतर चीनमध्ये वाढलेल्या प्रचंड उत्पादनामुळे. आतल्या सर्किटला वीज अजूनही लागते, ती माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या इंटरफेसमधून ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरने त्याच केबलमधून जाते.

लहान पडद्याचे, पेन्सिलीसारखे दिसणारे माईक का, हेही सांगायला हवं, कारण घरगुती रेकॉर्डिंगचं नाव काढलं की डोळ्यासमोर येतो तो मोठ्या पडद्याचा, जाळीदार डोक्याचा, गायकाच्या तोंडासमोर लटकणारा माईक. तो एका गळ्यासाठी बनलेला आहे. समोरून गायलं तर आवाज भरदार येतो. बाजूने आलेला आवाज मात्र त्यात बदलतो, चढे सूर कोनानुसार कमी-जास्त होतात. एकटा गायक समोरच उभा असतो म्हणून त्याला याने काही बाधत नाही. भजनात उलट आहे. तिथे आठ-दहा माणसांपैकी माईकच्या अगदी नाकासमोर एखाद-दुसराच बसतो, बाकी सगळे बाजूला. म्हणजे माईक समोरून कसा ऐकतो यापेक्षा तो तिरका कसा ऐकतो, यावर भजनाचं रेकॉर्डिंग ठरतं. पडदा जितका लहान, तितकं हे तिरकं ऐकणं सरळ राहतं. यामागे आवाजाच्या लहरीची लांबी आणि पडद्याची रुंदी यांचं साधं नातं आहे. म्हणून स्वस्तातला लहान पडद्याचा माईकसुद्धा या कामात त्याच किमतीच्या मोठ्या पडद्याच्या माईकपेक्षा उजवा ठरतो. हा मुद्दा मी फार महत्त्वाचा मानतो, कारण खरेदीतली सर्वात मोठी चूक स्वस्त-महागाची नसते, कामाला न जुळणारा प्रकार घेण्याची असते.

आता जोडीकडे येतो. खोक्यावर ‘मॅच्ड पेअर’ असं छापलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांसाठी लोक जादा पैसे मोजतात. त्याचा अर्थ सहसा इतकाच, की कारखान्यात बरेच माईक मोजून एकमेकांच्या जवळ जाणारे दोन एका खोक्यात घातले. चांगल्या कंपन्या संवेदनशीलतेत सुमारे एक डेसिबलचाच फरक राहील अशी हमी देतात. ऑस्ट्रेलियाच्या रोड कंपनीच्या एम५ आणि एनटी५ या जोड्या अशाच विकल्या जातात. त्याहून स्वस्तात बेहरिंगरची सी-२ आहे. एक डेसिबलचा फरक म्हणजे किती? साध्या आवाजात कानाला जेमतेम जाणवेल इतका. पण ही जोडी इंटरफेसला लावतो तेव्हा दोन चॅनलच्या गेनच्या गोट्या आपण नजरेच्या अंदाजाने फिरवतो. खुणा नसलेल्या त्या गोट्या एकाच जागी दिसत असूनही दोन-तीन डेसिबलने सहज वेगळ्या असू शकतात. म्हणजे कारखान्याने एका डेसिबलपर्यंत जुळवून दिलेलं आपण बोटाच्या एका वळणात घालवतो. जुळलेपणासाठी पैसे मोजण्याआधी जुळवायची पद्धत शिकावी. दोन्ही माईकची तोंडं एकमेकांशेजारी, जवळजवळ चिकटून, एकाच दिशेला ठेवायची आणि हातभर अंतरावरून पेटीचा एक सूर धरायचा. दोन्ही चॅनल रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरमध्ये एकाची पोलॅरिटी उलटी करायची आणि दोन्ही मिळवायचे. माईक आणि गेन तंतोतंत सारखे असतील तर दोन्ही एकमेकांना खातील आणि जवळजवळ शांतता उरेल. एक डेसिबलचा फरक असेल तर मूळ आवाजाच्या साधारण १९ डेसिबल खाली एक सावली उरते. गेन किंचित हलवून ती जास्तीत जास्त पुसायची आणि गोट्यांची ती जागा खडूने किंवा चिकटपट्टीने नोंदवायची. मग माईक अदलाबदल करून हेच पुन्हा. फरक माईकबरोबर दुसरीकडे गेला तर दोष माईकचा, तिथेच राहिला तर इंटरफेसचा.

ही चाचणी केली की एक गोष्ट लक्षात येते. संवेदनशीलतेतला फरक गेनने भरून निघतो, म्हणून तो काळजीचा नाहीच. न भरून निघणारा फरक असतो तो स्वरपट्टीतला: एक माईक वरच्या सुरांना जास्त उजळ, दुसरा कमी. चाचणीत सगळं पुसलं गेलं आणि फक्त टाळासारखी सळसळ तेवढी उरली, तर तो हा फरक. तो मोठा असेल तर जोडी परत करावी, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. आणि तो लहान असेल तर खोक्यावर काहीही छापलेलं नसलं तरी चालतं. एकाच मॉडेलचे वेगवेगळे घेतलेले दोन माईकही उत्तम चालतात. मॉडेल मात्र एकच हवं. एका बाजूला एक कंपनी, दुसऱ्या बाजूला दुसरी, असं केलं की डावीकडचे टाळकरी आणि उजवीकडचे टाळकरी वेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे ऐकू येतात, आणि ते पुढे कशानेच दुरुस्त होत नाही.

महाग जोडीच्या बाजूने पहिला युक्तिवाद असतो तो माईकच्या अंगच्या खरखरीचा. प्रत्येक कंडेन्सरच्या सर्किटमधून थोडा सुस्कारा येतोच आणि तो डेसिबलमध्ये मोजतात. एम५ चा १९, एनटी५ चा १६, आणि व्यावसायिक स्टुडिओत चालणाऱ्या, कितीतरी पट महाग नॉयमन केएम १८४ चा १३. कागदावर हा फरक ठळक आहे. पण बुलढाण्यातल्या खोलीत तो शोधून पाहावा. खेड्यातल्या घरात, रात्री, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून ३० डेसिबलच्या आसपास शांतता मिळाली तरी ती चांगली म्हणायची. त्या ३० मध्ये १९ चा माईक मिसळला की बेरीज ३०.३ होते, १३ चा मिसळला की ३०.१. इतक्या फरकासाठी कितीतरी पट पैसे. आणि घाटाखाली मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना पंखा-कूलर बंद करून बसायला माणसं तयार कशी होणार? कूलर चालू राहिला तर माईकची खरखर ऐकू येण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यापेक्षा काकड्याची वेळ गाठावी. पहाटे हवा थंड असते, पंखा बंद ठेवता येतो, रस्त्यावर ट्रॅक्टर नसतात. रेकॉर्डिंगची वेळ दुपारवरून पहाटेवर नेल्याने जी शांतता मिळते ती कुठल्याही किमतीच्या माईकमध्ये विकत मिळत नाही. केएम १८४ चा तो गुण खोटा नाही. चांगल्या बांधलेल्या स्टुडिओत, एकट्या सतारीच्या शेवटच्या मिंडेपर्यंत कान लावायचा असेल तेव्हा तो दिसतो. पूर्ण गळ्याने चाललेल्या भजनात नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे आणि तो मी मान्य करतो. स्वस्त लहान पडद्याच्या माईकना आठ ते बारा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात बरेचदा उंचवटा असतो. दुकानात ऐकताना तो ‘स्पष्ट’ वाटतो. पण टाळाचा सगळा चुरचुरीतपणा नेमका त्याच पट्ट्यात असतो, आणि दहा टाळ तिथे एकत्र आले की अर्ध्या तासात ऐकणाऱ्याचे कान थकतात. चांगल्या जोडीत हा त्रास कमी असतो. पैसे मोजून खरंखुरं काही मिळतं ते इथे. तरीही यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. टाळकऱ्यांना गाणाऱ्यांच्या मागे आणि माईकच्या रोखापासून बाजूला बसवायचं. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, माईक बाजूने ऐकताना वरचे सूर थोडे कमी घेतोच, तो गुण इथे आपल्या बाजूने वापरायचा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये आठ हजारांच्या वरचा भाग दोन-तीन डेसिबलने खाली घ्यायचा. दोन्ही माईकचा उंचवटा एकाच जागी असल्यामुळे एकच दुरुस्ती दोघांना लागू पडते. रेकॉर्डिंग करतानाच टाळ हळू वाजवा असं मात्र सांगू नये. टाळकऱ्याचा हात आखडला की ठेका आखडतो आणि चाल पडते.

बसवण्याचं महत्त्व नवं नाही. फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात हिंदुस्थानी गायकांची ध्वनिमुद्रणं करत होता तेव्हा माईक नव्हताच. एक कर्णा होता आणि त्याच्या टोकाला मेणाच्या तबकडीवर रेघ ओढणारी सुई. आवाज वाढवता येत नव्हता, मिसळता येत नव्हता. गाणारा कर्ण्यात तोंड घालून, वादक मागे, जास्त दणदणीत वाद्य आणखी मागे. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत सगळा समतोल अंतराने साधला जात होता. पुढे १९३१ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइनने दोन माईक एकाच जागी, वेगळ्या कोनात ठेवून डावं-उजवं पकडायच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. आजची आपली जोडी ही त्याच कल्पनेची, पण तिच्यासमोरचा समतोल अजूनही अंतरानेच साधायचा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो. चाल सांगणारा जोडीपासून तीन फुटांवर, साथ करणारे पाच-सहा फुटांवर, टाळ त्यांच्या मागे. पखवाज बाजूला, पण कणीक लावलेलं तोंड भिंतीच्या कोपऱ्याकडे येणार नाही असा. कोपरा घुमारा फुगवतो. पेटी सगळ्यांना वाटते त्यापेक्षा मोठी वाजते आणि गाणाऱ्याला झाकते, म्हणून तिला जरा मागेच ठेवावं. जोडी जमिनीपासून पाचेक फुटांवर, खाली कललेली: बसलेल्या माणसाचं तोंड अडीच फुटांवर असतं, आणि वरून पाहणाऱ्या माईकला पुढच्या रांगेची डोकी आड येत नाहीत.

माईकमधला कोन आणि अंतर यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, इथे कामापुरतं सांगतो. दोन कार्डिऑइड माईकची तोंडं एकावर एक आणून ९० अंशांत वळवली की त्याला एक्स-वाय म्हणतात. फ्रेंच रेडिओने रूढ केलेल्या ओआरटीएफ पद्धतीत माईक १७ सेंटिमीटर दूर आणि ११० अंश उघडे असतात. दुसरी पद्धत ऐकायला जास्त मोकळी वाटते, म्हणून सगळे तिची शिफारस करतात. पण तिच्या पकडीचा पट्टा शंभर अंशांच्या आतबाहेर असतो. त्याच्या पलीकडे बसलेली माणसं सगळी एका टोकाला गोळा होतात. दहा बाय बाराच्या खोलीत जोडीला मागे सरायला जागाच नसते, आणि मंडळी तिच्याभोवती अर्धवर्तुळात बसलेली असतात, जवळजवळ १८० अंशांत. एक्स-वायचा पट्टा तेवढा रुंद असतो. म्हणून घरात एक्स-वाय, आणि देवळाच्या सभामंडपात किंवा मोठ्या ओसरीवर ओआरटीएफ, असं माझं साधारण गणित आहे. एक्स-वायमध्ये आवाज दोन्ही माईकना एकाच वेळी पोचतो, याचा दुसरा फायदा पुढे येईलच.

खोलीचा आक्षेप सर्वात जास्त वेळा ऐकू येतो: आमच्या स्लॅबच्या घरात सगळं घुमतं, कंडेन्सर ते सगळं पकडेल, त्यापेक्षा तोंडाजवळचा डायनॅमिक बरा. निदान बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. गुळगुळीत गिलावा, फरशी आणि समोरासमोरच्या उघड्या भिंती यांच्यात टाळी वाजवली की एक फडफड ऐकू येते. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये आवाज जाऊन परत यायला १८ मिलिसेकंद लागतात आणि तो असा कितीतरी वेळा हेलपाटे घालतो. मातीच्या जाड भिंतींच्या जुन्या धाब्याच्या घरात हा त्रास पुष्कळ कमी. स्लॅबच्या घरात भिंत झाकावी लागते, आणि यासाठी बाहेरून फोम मागवायची गरज नाही. हा कापसाचा जिल्हा आहे. चार इंच जाडीची कापसाची गादी भिंतीपासून थोडी पुढे, उभी टेकवली तर ती मध्यम आणि चढे सूर चांगले पिते, बाजारात मिळणाऱ्या इंचभर फोमपेक्षा कितीतरी जास्त खोलपर्यंत. जाड जाजम खाली, दोन गाद्या समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर, वाकळी खिडक्यांवर. पखवाजाचा घुमारा याने आटोक्यात येत नाही, त्याला जागा बदलूनच पाहावं लागतं. पण फडफड गेली की स्वस्त जोडी एकदम महागासारखी बोलायला लागते.

स्टुडिओत काम केलेली मंडळी वेगळा आक्षेप घेतात: प्रत्येकाला स्वतंत्र माईक द्या, वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, नंतर हवं तसं मिसळा, जोडीत चूक झाली तर ती कायमची. खरं आहे. जोडीत एक खोकला आला तर तो सगळ्यांच्या अंगावर येतो. पण आठ माईक, आठ केबली, आठ चॅनलचा इंटरफेस यांचा खर्च बाजूला ठेवला तरी लहान खोलीत प्रत्येक माईक बाकीच्या सातांनाही ऐकतच असतो, थोड्या उशिराने. तोच आवाज निरनिराळ्या वेळांनी मिसळला की काही सूर एकमेकांना कापतात आणि आवाज पोकळ होतो. स्वतंत्र ट्रॅकचं स्वातंत्र्य बरंचसं भासमान राहतं. याहून मोठं कारण गाण्यातच आहे. भजनात चाल सांगणारा दुसऱ्या कडव्याला किंचित थांबतो आणि मागची मंडळी त्याच्या श्वासावरून ओळखतात की आता लय वाढणार. हे एकमेकांकडे पाहून, एकमेकांचं ऐकून होतं. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन चढवून होत नाही. एकाच अभंगाच्या चाली गावागणिक वेगळ्या आहेत, त्या लिहिलेल्या नाहीत, त्या जुन्या माणसांच्या गळ्यात आहेत. त्यांचं मोल सुरांइतकंच त्या एकत्र उचलण्यात आहे, आणि ते उचलणं ज्या खोलीत घडलं ती खोली दोन माईकच नीट सांगू शकतात. मला या कामाची ओढ आहे ती यासाठी. परिपूर्ण आवाजासाठी थांबून राहिलो आणि ती माणसं गेली तर परिपूर्ण आवाजात धरायला काही उरणार नाही.

मग लोक विचारतात, शेवटी हे मोबाईलवरच ऐकलं जाणार, तर दोन माईक कशाला? मोबाईलच्या एका भोंग्यातून डावं-उजवं एकत्र होतं तेव्हा एक्स-वायचा तो दुसरा फायदा उपयोगी पडतो: दोन्ही माईकना आवाज एकाच वेळी पोचलेला असल्यामुळे ते मिसळले तरी काही कापलं जात नाही, एकाच माईकने घेतल्यासारखं स्वच्छ राहतं. ओआरटीएफमध्ये कडेला बसलेल्याचा आवाज दोन माईकना अर्ध्या मिलिसेकंदाच्या फरकाने पोचतो आणि मिसळल्यावर एक हजार हर्ट्झच्या आसपास थोडा खड्डा पडतो. म्हणजे जोडीमुळे मोबाईलवाल्याचं काहीच जात नाही, आणि इअरफोन लावणाऱ्याला मात्र चाल सांगणारा मधोमध, पखवाज उजवीकडे, टाळ मागे असं सगळं ऐकू येतं. दहा जणांच्या गलक्यात शब्द कळायला ही वेगळी जागा फार मदत करते. ज्याला फक्त स्वतःचे अभंग तानपुऱ्यावर गाऊन ठेवायचे आहेत, त्याने मात्र जोडीच्या मागे लागू नये. त्याला मोठ्या पडद्याचा एकच माईक पुरे.

पैशांचं बोलायचं तर बजेट आखताना जोडीला निम्म्याहून जास्त वाटा देऊ नये. उरलेल्यातून इंटरफेस, दोन जड पायांचे स्टँड, एका आडव्या पट्टीवर दोन्ही माईक बसवणारा स्टिरिओ बार आणि चांगल्या केबली. इंटरफेस घेताना दोन्ही माईक लावून फँटम पॉवर चालू करून पाहावं. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारे काही इंटरफेस दोघांचा भार एकदम नीट उचलत नाहीत. जुन्या घरांत अर्थिंग कच्चं असतं आणि ५० हर्ट्झचा गुणगुणाट पखवाजाच्या खाली बसतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की तो बहुतेक वेळा जातो. इन्व्हर्टरवर घर चालू असताना रेकॉर्डिंग टाळलेलंच बरं. भजनाच्या बैठकीत उदबत्ती, धूप, कापूर असणार, बुक्का असणार. या धुराचा आणि भुकटीचा थर पडद्यावर बसतो आणि ओलाव्याबरोबर तडतड सुरू होते, म्हणून देव एका टोकाला आणि जोडी दुसऱ्या टोकाला ठेवावी, काम झालं की माईक लगेच डबीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. आषाढ-श्रावणात तर हे विसरून चालत नाही. एकदम दोन घ्यायला पैसे नसतील तर एक घ्यावा आणि तेच मॉडेल बाजारात आहे तोवर दुसरा. मधल्या काळात एकाच माईकने, मंडळी त्याच्यासमोर नीट बसवून, कर्ण्याच्या काळासारखं काम करता येतं आणि बसवण्याची सवय होते ती वेगळीच.

रेकॉर्ड करताना २४ बिट ठेवावं आणि सर्वात मोठा झणकार कमाल पातळीच्या दहा-बारा डेसिबल खाली राहील इतका गेन ठेवावा. टाळाचा एक फटका सरासरीच्या कितीतरी वर जातो. ४८ हजारांच्या सॅम्पलिंगवर दोन चॅनलचा एक तास साधारण एक जीबी होतो, म्हणजे रात्रभराचं भजनही साध्या पेनड्राइव्हवर मावतं. ती मूळ फाइल कशीही वाटली तरी पुसू नये, तिच्यावर काही करू नये; टाळ खाली घेणं, कडा कापणं हे सगळं प्रतीवर. आणि फाइलबरोबर एक कागद: गाव, तारीख, चाल कोणी सांगितली, ती त्यांना कोणाकडून आली, कोण कुठे बसलं होतं, माईक किती उंचीवर, कोणत्या कोनात. पुढच्या वेळी त्याच खोलीत बसायचं असेल तर निम्मं काम त्या कागदावर तयार असतं. गादी कोणत्या भिंतीला होती, तेही त्यात लिहावं.